धुराडेवाल्या पायबसची जाहिरात

लिंडन पायबसला घरी थाप मारता येत नसे. धुराडी साफ करणाऱ्याला ते जमतच नाही. काम झालं असेल तर कानामागे काजळी असते, नसेल झालं तर नसते. दारातून पाऊल आत पडलं की बायकोला कळतं. त्या मार्चमध्ये तो बहुतेक दिवस स्वच्छ घरी येत होता.

अल्वरस्टन दक्षिण गोलार्धातलं, तिथं हिवाळा जूनमध्ये येतो; म्हणून मार्च म्हणजे धुराडेवाल्याची सुगी. लाकडं फोडून, रचून झालेली असतात. सकाळी नदीवर धुकं बसायला लागतं आणि लोकांना आठवतं की लाकडाच्या शेगडीचा धूर वर नेणारा नळ गेल्या हिवाळ्यापासून तसाच आहे. मग फोन सुरू होतात. लिंडनचा फोन ईस्टरपर्यंत उसंत देत नसे. त्यानं कधी आपला डांगोरा पिटला नव्हता. हार्डवेअरच्या दुकानातल्या फळ्यावर एक कार्ड, फोनच्या जाड पुस्तकात एक ओळ, बाकी सगळं तोंडोतोंडी. पुढे पुस्तक बंद झालं. दुकान एका मोठ्या साखळीनं घेतलं आणि फळा काढला. ज्या म्हाताऱ्या एकमेकींना त्याचं नाव सांगायच्या त्या वृद्धाश्रमात गेल्या, काही त्याच्याही पलीकडे गेल्या. त्यांची घरं मेलबर्नकडच्यांनी घेतली. ही मंडळी शेजाऱ्याला काही विचारत नाहीत, हातातल्या फोनला विचारतात.

कॉरीन, त्याची बायको, बटाट्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहायची. समोरून बटाटे धावतात, त्यातून दगड, ढेकळं आणि हिरवे बटाटे वेचायचे.

"मुकादमाशी बोलले मी," ती एका संध्याकाळी म्हणाली. "तुझ्यासाठी रात्रपाळीची जागा आहे. मेअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाला."

"मी धुराडेवाला आहे."

"आहेस ना. हात बघ कसे चकचकीत आहेत."

त्यानं हात खिशात घातले. मग दोघांचं ठरलं. हा एक शरद ऋतू तो जाहिरात करून बघेल, फोनमध्ये करतात ती. मे संपेपर्यंत धुराड्यांची कामं परत आली तर ठीक. नाही आली तर व्हॅन विकायची आणि रात्रपाळी धरायची.

वाचनालयात मंगळवारी सकाळी यासाठी वर्ग भरत असे. शिकवायला होत्या मिस सॉल्टमार्श. लिंडनला शाळेत गणित त्यांनीच शिकवलं होतं. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या आणि पुतण्याच्या फुलांच्या रोपवाटिकेच्या जाहिराती चालवत होत्या. वर्गात पाचसहा माणसं यायची. वेळेवर यायचा तो एकटा.

"लक्ष दे," त्या म्हणाल्या. "माणूस काहीतरी शोधतो. त्यानं टाइप केलेल्या शब्दांवर तू बोली लावायचीस. जाहिरात नुसती दिसली तर फुकट. कुणी ती दाबली तर तुझे पैसे गेले."

"आणि दाबून त्यानं फोन नाही केला तर?"

"तरी गेले."

"म्हणजे गिऱ्हाईक दुकानात डोकावलं की दुकानदारानंच पैसे मोजायचे."

"आणि ते गिऱ्हाइकालाही मिळत नाहीत," मिस सॉल्टमार्श म्हणाल्या. "दिवसाची एक मर्यादा घालून ठेव. ती संपली की जाहिरात दुसऱ्या सकाळपर्यंत झोपते. तेवढीच आपल्या हातातली गोष्ट."

कष्टाची त्याला भीती नव्हती. त्याचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. पुष्कळ धुराडेवाले खालून ब्रश घालतात, दोनदा खुडबुडतात आणि बिल देतात. लिंडन आधी छपरावर चढायचा. धुराड्यावरची टोपी काढून ब्रश वरून खालपर्यंत घालायचा. डांबरासारखा चिकट थर बसला असेल तर तो सुटेपर्यंत सोडायचा नाही. मग खाली येऊन शेगडीच्या आतली पत्र्याची आडपट्टी काढायचा आणि तिच्या मागची राख हातानं उपसायचा. तिथवर कुणी पाहत नाही. आग लागते ती मात्र तिथूनच. शेवटी वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून धूर कसा ओढला जातो ते बघायचा. असं काम केलं की सांगावं लागत नाही, ते दिसतं, हा त्याचा आयुष्यभराचा समज. जाहिरातीत मात्र किती घाम गाळला ते कुठंच दिसत नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो जाहिरातीची ओळ लिहायला बसला. जागा फार थोडी होती. त्यानं लिहिलं: धुराडी साफ करतो. वेळेवर येतो.

कॉरीननं मागून वाचलं. "इतकंच? जरा गुण सांग की आपले."

"वेळेवर येतो, हा गुणच आहे."

"तो तर पोस्टमनमध्येही असतो."

"आपल्या पोस्टमनमध्ये नाही."

ती हसली, आणि ओळ तशीच राहिली. जाहिरात लागली. लिंडननं फोनवर 'धुराडं साफ करणारा' असं शोधलं तर सगळ्यात वर आपलंच नाव. ती उघडते की नाही ते बघायला त्यानं ती दाबली. मग कॉरीनच्या फोनवरून एकदा दाबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंगळवारी मिस सॉल्टमार्शनी त्याला शाळेतल्यासारखं झापलं. आपल्याच दुकानात शिरून आपल्याच गल्ल्यातून दंड भरलास, म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात पुष्कळांनी जाहिरात दाबली आणि फोन एकही आला नाही. लोकांनी नेमकं काय शोधलं होतं ते कुठं बघायचं हे बाईंनी दाखवलं. लिंडन चष्मा लावून वाचत गेला. धुराड्यात अडकलेला पक्षी कसा काढावा. धुराडं घरच्या घरी कसं साफ करावं. धुराडेवाल्याचा पोशाख, लहान मुलाच्या मापाचा. कारखान्याचं धुराडं किती उंच असतं. यातल्या प्रत्येकाला शोधाच्या यंत्रानं लिंडन पायबसचं नाव दाखवलं होतं, प्रत्येकानं डोकावून पाहिलं होतं, आणि प्रत्येकाचे पैसे लिंडननं भरले होते. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

"नको असलेले शब्द घालून ठेवता येतात," मिस सॉल्टमार्श म्हणाल्या. "तो शब्द आला की तू दिसणार नाहीस. पण ते रोज करावं लागतं, लिंडन. एकदा करून भागत नाही."

रोजच्या कामाला तो कधी नाही म्हणाला नव्हता. सकाळी चहा झाला की बसायचा आणि वेचायचा. पोशाख नको. पक्षी नको. घरच्या घरी नको. फुकट नको. नोकरी नको. कॉरीन कामावर जाता जाता वाकून बघायची आणि म्हणायची, "हे तर माझंच काम करतोयस. दगड वेचायचे. फक्त मला त्याचा पगार मिळतो." तिच्या बोलण्यात बोचरेपणा नव्हता. खरं होतं ते.

एप्रिलच्या सुरुवातीला वेचणीचा गुण आला. स्प्रेंटच्या रस्त्यावरून एक फोन आला, मग नदीपलीकडून एक. दोन्ही माणसं नवी, दोन्ही घरांत खरीखुरी धुराडी आणि खरीखुरी काजळी. दुसऱ्या घरी आडपट्टीमागे इतकी राख निघाली की मालक घाबरला. लिंडन त्या दिवशी काळाकुट्ट होऊन घरी आला, आणि कॉरीननं न्हाणीघरातला पाय पुसायचा कपडा उचलून ठेवला.

गुरुवारी तो फुटबॉल क्लबात गेला. सराव संपल्यावर तिथं मटण बक्षीस असलेली सोडत निघते, बिअर असते, आणि गावातली त्याच्या वयाची बहुतेक माणसं असतात. हॅडली मरफेट, सगळे ज्याला मर्फ म्हणतात तो, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. पुरात मर्फचं कुंपण वाहून गेलं तेव्हा क्लबातल्या सगळ्यांनी शनिवार-रविवार श्रमदान करून ते उभं केलं होतं. या गावात तशीच रीत आहे. कुणाचं काही अडलं की विचारायचं नसतं, फावडं घेऊन यायचं असतं.

"काय लिंडो, धंदा कसा?" मर्फनं विचारलं.

"जाहिरात केलीय. फोनवरची."

"तू? तुला तर फोनही नीट उचलता येत नाही."

"बघ ना शोधून. सगळ्यात वर येतो."

मर्फनं शोधलं, आणि खरंच सगळ्यात वर लिंडनचं नाव. फोन टेबलावरून फिरला. सगळ्यांनी वाचलं. कुणीतरी 'वेळेवर येतो' वाचून म्हणालं की बिअरचे पैसे द्यायच्या वेळी मात्र कधी येत नाही. लिंडन हसला. खूप दिवसांनी त्याला बरं वाटलं.

त्यानंतर फोन बंद झाले.

जाहिरात चालू होती, पण दिवसाची मर्यादा सकाळच्या नाश्त्यापर्यंतच संपायची. बाकी दिवस ती झोपलेली. खरं गिऱ्हाईक उठून, चहा पिऊन, थंडी वाजते म्हणून शोधायला लागेपर्यंत पायबस नावाचा माणूस दिसतच नव्हता. त्यानं नको असलेले शब्द पुन्हा तपासले. सगळे शोध चोख होते. 'धुराडं साफ करणारा अल्वरस्टन'. इतकी माणसं रोज पहाटे उठून धुराडेवाला शोधतायत आणि फोन एकही करत नाहीत, हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्यानं मर्यादा वाढवली. वाढवलेलीही नाश्त्यापर्यंत संपली.

पुढच्या गुरुवारी त्याला कळलं.

"मग? चाललीय ना जोरात?" मर्फ म्हणाला. "आम्ही सगळे दाबतोय. मी उठल्यावर एकदा दाबतो, कामावर जाताना एकदा. माझी बायको दाबते. गोलकीपरची आईसुद्धा दाबते."

लिंडननं ग्लास खाली ठेवला. त्याच्याकडे बघणारे चेहरे खूष होते. त्यांनी फावडी आणली होती.

"काय झालं?" मर्फनं विचारलं.

"तुम्ही दाबता तेव्हा पैसे मी भरतो, मर्फ."

"कसले पैसे?"

"प्रत्येक वेळी. प्रत्येकाचे. खोट्या दाबण्याचे काही पैसे जाहिरातवाली कंपनी परत करते म्हणे, पण तुमच्यासारख्यांचं खरं वाटत असणार तिला."

मर्फनं खिशातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला. मागं सोडतीचे आकडे पुकारणं चालूच होतं.

"मग सांगायचं नाही का, लेका," मर्फ हळूच म्हणाला. "आम्हाला वाटलं जितकं जास्त तितकं चांगलं. मतं असतात तशी."

"मलाही आधी तसंच वाटलेलं."

एकजण टोपी काढायला लागला, पैसे गोळा करायला. लिंडननं त्याचा हात धरला आणि नको म्हणाला. मग, ते सगळे ओशाळून बसलेले असताना, त्याच्या तोंडून गेलं, "ते सोडा. तुमच्यापैकी धुराडं कुणाचं साफ करायचंय?"

त्यानं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. एप्रिल अर्धा गेला होता आणि या टेबलावरच्या निम्म्या घरांत तो दरवर्षी जायचा. पण कुणी वर बघेना.

"आम्ही घर गरम करायला विजेचा हीटपंप बसवलाय, लिंडो," एकजण म्हणाला. "गेल्याच वर्षी. बायकोला दमा आहे."

"आम्हीपण."

"आता लाकडं कोण फोडणार. माझा खांदा गेलाय."

लिंडननं मर्फकडे पाहिलं. मर्फची शेगडी त्यानं स्वतः बसवली होती, मर्फचं लग्न झालं त्या वर्षी. दर एप्रिलला तो तिकडे जायचा, काम झाल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसायचे.

"फेब्रुवारीत बसवला," मर्फ ग्लासात बघत म्हणाला. "तुला सांगायचं राहिलं."

"चांगला चालतो?"

"बरा चालतो. बटण दाबलं की झालं."

लिंडननं आपली बिअर संपवली, कारण भरलेला ग्लास टाकून उठणं त्या टेबलावर वाईट दिसलं असतं. मग घरी गेला.

मंडळींनी दाबणं थांबवलं. पण बघायचं सोडलं नाही. लिंडो अजून वर आहे ना, म्हणून ते दिवसातून दोनदा शोधायचे, नाव बघायचे, आणि पैसे जाऊ नयेत म्हणून बोट जपून मागे घ्यायचे. आठवडाभरात लिंडन दुसऱ्या जागेवर गेला, मग तिसऱ्या, मग पान खाली सरकवल्याशिवाय दिसेना. त्याच्या वर लॉन्सेस्टनची एक मोठी कंपनी आली, आणि तिच्याही वर मेलबर्नला बसून गिऱ्हाइकांचे फोन घेऊन ती कामं दुसऱ्यांना विकणारा कुणीतरी.

मिस सॉल्टमार्शनी पडद्यावरचे आकडे बराच वेळ पाहिले.

"हे शोधतायत पुष्कळ आणि दाबत कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "यंत्राला वाटतं, लोकांना ही जाहिरात बघूनसुद्धा नको आहे. म्हणून ते तुला खाली ढकलतं, आणि वर यायचं तर आधीपेक्षा जास्त मागतं."

"दाबलं तरी मेलो, नाही दाबलं तरी मेलो."

"मित्रांना सांग, शोधूच नका."

"सांगितलंय. पण त्यांना काळजी वाटते हो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "त्यांनी बघणं सोडलं तरी किती जण उरतात, ते मी मोजून पाहिलं," त्या म्हणाल्या. "या समुद्रकिनारी पट्ट्यात धुराडेवाला खरोखर शोधणारी माणसं महिन्याला फार थोडी आहेत, लिंडन. गेल्या वर्षीपेक्षा कमी. तुझ्या जाहिरातीत चूक नाही आता. तू नीट केलंस सगळं."

चूक असती तर त्यानं ती दुरुस्त केली असती. चूक नाही, हे ऐकून तो पायऱ्या उतरून नदीपर्यंत चालत गेला आणि व्हॅन वाचनालयापाशीच राहिल्याचं पुलावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. इमोजेन नावाची बाई, मेलबर्नची, गन्स प्लेन्सच्या वाटेवरचं जुनं घर घेतलेली. जाहिरात बघून फोन करतेय, म्हणाली. लिंडन दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी, ब्रश आणि ब्रशला जोडायच्या सगळ्या काठ्या घेऊन हजर झाला. बाईंनी त्याला बैठकीच्या खोलीत नेलं. शेगडी जुन्या घडणीची, जाड लोखंडाची, दाराची काच शाबूत. असली शेगडी आता कुणी बनवत नाही. त्यानं गुडघ्यावर बसून दार उघडझाप करून पाहिलं. बिजागरी कुरकुरलीसुद्धा नाही.

"छान ठेवलीय आधीच्यांनी," तो म्हणाला. "तासाभरात नळ साफ होईल. आणखी वीस वर्षं काही बघायला नको."

"नाही, तुमचा गैरसमज झाला वाटतं," इमोजेन म्हणाली. "साफ नाही करायची. काढायची आहे. शेगडी, नळ, सगळं. वर छपराला पत्रा मारून भोक बंद करायचं. फोनवर इथल्यांपैकी मला तुम्हीच एकटे सापडलात जे शेगडीतलं काही जाणतात."

"काढायची."

"तुम्ही करता ना ते काम?"

त्यानं ते कधी केलं नव्हतं. पण बसवलेल्या पुष्कळ होत्या, आणि जे बसवता येतं ते काढता येतं. "करतो," तो म्हणाला.

त्यानं दारापासून शेगडीपर्यंत जाड चादर अंथरली, तिच्या कडा दुमडल्या, म्हणजे काजळी बाहेर जाणार नाही. इमोजेन दारात उभी राहून बघत होती.

"एवढं करू नका हो. गालिचा उद्या काढायचाच आहे."

"असू दे," लिंडन म्हणाला, आणि अंथरून पुरं केलं. नळ त्यानं सांध्यासांध्यातून सोडवला, कापला नाही. आणि सोडवण्याआधी तो आतून ब्रशनं साफ केला. भंगारात जाणारा नळ साफ करायची गरज नव्हती. बाईंना ते कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. शेगडी हातगाडीवर घेऊन एकट्यानं पायऱ्या उतरवताना त्याची पाठ चरकली. दिवस मावळेपर्यंत छपराला पत्रा लागला, आणि पत्र्याखालून थेंबही आत येणार नाही असा लागला.

इमोजेननं आपल्या ओळखीच्यांना सांगितलं. आणखी दोन फोन आले, दोन्ही काढण्याचे. लिंडननं मिस सॉल्टमार्शना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, वेगळी जाहिरात कर. वेगळे शब्द, वेगळी ओळ. शेगडी काढणारा. या शब्दांवर बोली लावणारं किनाऱ्यावर कुणीच नव्हतं. शब्द स्वस्त मिळाले, आणि आता त्याला हे काम येत होतं. कुठले दगड वेचायचे, कुठली वेळ धरायची, मर्यादा कुठं ठेवायची. चार दिवसांत फोन वाजायला लागला आणि मग थांबेना.

त्यातला एक फोन मर्फचा होता.

"माझा नंबर आहे की तुझ्याकडे," लिंडन म्हणाला. "जाहिरातीवरून कशाला फोन केलास?"

"मुद्दाम केला. दाबून खरोखर काम दिलं की यंत्र खूष होतं म्हणे. ग्वेन सॉल्टमार्शनं सांगितलं माझ्या बायकोला. म्हणजे या वेळी मी बरोबर दाबलं ना?"

"बरोबर दाबलंस."

"मग ये शनिवारी. ती शेगडी नुसती जागा अडवून बसलीय. बायकोला तिथं कपाट ठेवायचंय. आणि पैसे पुरते घ्यायचे हं, लिंडो. मैत्रीबित्री नको."

शनिवारी तो गेला. मर्फनं हात लावला, दोघांनी मिळून शेगडी बाहेर काढली. तिच्या मागच्या विटेवर बांधकामाच्या वेळी मर्फनं खिळ्यानं कोरलेली त्या दोघांची नावं होती. मर्फनं त्यापुढेच कपाट लावायला सांगितलं. मग मागच्या पायरीवर बसले. मर्फ जाहिरातीबद्दलच बोलत राहिला. बघ, आम्ही म्हणत नव्हतो का, चालेल म्हणून? जमलं की नाही शेवटी. लिंडन हो हो म्हणत राहिला. त्या माणसाला इतका आनंद झाला होता की दुसरं काही बोलवेना.

मेच्या शेवटच्या दिवशी सकाळी कॉरीन डबा भरत होती. "मुकादम आज विचारणार," ती म्हणाली. "काय सांगू?"

"नाही म्हण."

"नक्की?"

"पुढचे दोन महिने भरलेत."

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि त्याच्याकडे वळली. "मग तोंड का असं केलंयस? जिंकलास की. मला वाटलं होतं तुझ्यानं होणार नाही, खरं सांगते."

"एक शेगडी काढली की एक धुराडं कमी होतं, कॉरीन. त्या घरी मी परत कधी जाणार नाही. अशी किती घरं उरलीत सांग. दोन हिवाळे पुरतील. फार तर तीन."

"मग?"

"तेव्हा मुकादमाला विचार, जागा आहे का."

तिनं डबा पिशवीत टाकला. त्याला बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलणाऱ्यांतली ती नव्हती, आणि त्याबद्दल तो तिचा ऋणी होता. ती गेल्यावर त्यानं चष्मा लावला आणि दोन्ही जाहिराती उघडल्या. काढण्याची धावत होती. साफ करण्याची महिनाभर नुसतीच पडून होती. मित्र आताही तिला बघून जात होते, दाबत नव्हते. तिच्यासमोर थांबवण्याचं बटण होतं. जाहिरात पुसली जात नाही, नुसती थांबते, बाईंनी सांगितलं होतं. त्यानं ते दाबलं. मग शेडमध्ये जाऊन व्हॅनमधल्या काठ्या आणि ब्रश काढून भिंतीशी उभे केले, कारण कटावणी, पत्रे आणि मोठी हातगाडी मावत नव्हती.

जूनमध्ये कामं चालली, जुलैमध्येही. दिवसाला एक घर, कधी दोन. लोक खूष होते, वेळेवर येतो म्हणत होते. पाठ दुखायची. सुरुवातीला तो प्रत्येक घरी चादर अंथरायचा, आणि प्रत्येक घरी कुणीतरी म्हणायचं, कशाला, फरशी बदलायचीच आहे, रंग द्यायचाच आहे. नळ आतून साफ करणं त्यानं जूनअखेर सोडलं. सांधे सोडवायचं जुलैच्या मध्यात सोडलं. करवत पटकन चालते. कुणी विचारलं नाही, कुणाला फरक पडला नाही.

ऑगस्टात स्प्रेंटच्या एका घरी तो चादर न घेताच आत गेला. नळ कापला तशी काजळीची ढेप खाली आली आणि लाकडी जमिनीवर पसरली. त्यानं ती कुंच्यानं गोळा केली. फळ्यांच्या फटींत गेली ती तिथंच राहिली. गुडघ्यावर बसून सुरीच्या टोकानं काढता आली असती; अर्धा तास लागला असता. घरमालक आत येऊन म्हणाला, वा, स्वच्छ केलंत की. लिंडननं मान डोलावली. खिशातला फोन वाजला, जवळच्या शेफील्डहून कुणीतरी बाई विचारत होती, काढून नेता ना तुम्ही. तो अंगणात जाऊन बोलला. नेतो, म्हणाला. शुक्रवारी येतो.